नवी बॅटरी टाकूनही बॅकअप मिळत नाही? इन्व्हर्टर किती वेळाने बंद पडतो ते आधी बघा

ठाणे-नवी मुंबईत घरगुती वायरिंगची आणि इन्व्हर्टरची कामं करताना एक तक्रार सारखी कानावर येते: "बॅटरी नवीकोरी आहे, तरी लाइट गेल्यावर अर्धा तासही निघत नाही." दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, बॅटरी गेली. आधीचीही अशीच गेलेली असते आणि ही बदलली तर पुढचीही जाईल, कारण अशा बऱ्याच घरांत दोष बॅटरीत नसतो. घरातला लोड, इन्व्हर्टर, त्याच्या आतला चार्जर, बॅटरी आणि मधली केबल यांचा एकमेकांशी मेळ नसतो, आणि त्याची किंमत बॅटरी मोजते.

त्यामुळे फोन आला की मी बॅटरी कुठल्या कंपनीची हे विचारतच नाही. लाइट गेल्यावर नेमका किती वेळाने बंद पडला, आणि बंद पडताना दिवा ओव्हरलोडचा लागला होता की लो बॅटरीचा, एवढंच विचारतो. या दोन उत्तरांवरून निम्मं निदान घरबसल्या होतं. पुढच्या वेळी लाइट गेली की मोबाइलमध्ये वेळ टिपून ठेवा आणि मग खालचं वाचा.

एक गोष्ट आधी सांगतो. १२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघे दरम्यानच्या अतिउच्चदाब वाहिन्या ट्रिप झाल्या आणि सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बंद पडली. घरून काम आणि मुलांची ऑनलाइन शाळा असा तो काळ, त्यामुळे नंतर इन्व्हर्टर घ्यायची लगबग झाली. तेव्हा घेतलेलं मशीन आजही तेच आहे, घर मात्र बदललंय. टीव्ही मोठा झाला, एक पंखा वाढला, किचनचं रिनोव्हेशन झालं आणि वायरमनने सोयीसाठी फ्रिजचा पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला. इन्व्हर्टरला यातलं काही कुणी सांगितलेलं नाही.

लाइट जाताच, काही सेकंदांत बंद पडतो

हा जवळपास नेहमी ओव्हरलोड. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर म्हणजे ९०० वॅट नव्हेत. बहुतेक घरगुती मशीन तेवढ्या आकड्यावर ६५० ते ७५० वॅटच्या आसपास देतात. खरा आकडा मागच्या पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत वॅटमध्ये छापलेला असतो, तो बघा. गिझर दोन हजार वॅटचा, इस्त्री हजारची, मिक्सर पाचशे ते साडेसातशेचा. यातली एक वस्तू चुकून त्या लाइनवर असली तरी खेळ खलास.

"आमच्याकडे तसलं काही जोडलेलं नाही" असं सगळेच म्हणतात. खात्री करायची तर लाइट असताना डीबीमधला (घराच्या मुख्य स्विचपेटीतला) मेन एमसीबी खाली पाडा आणि इन्व्हर्टरवर काय काय चालतंय ते खोलीखोलीत फिरून बघा. एखादा टेबल लॅम्प हातात घेऊन प्रत्येक प्लगमध्ये लावून पाहा, जाड पिनांचे सॉकेटसुद्धा सोडू नका. कोपरखैरणेतल्या सिडकोच्या एका रो-हाउसमध्ये या पद्धतीने अंगणातल्या पाण्याच्या मोटरीचा पॉइंट सापडला होता. खालच्या टाकीतून वर पाणी चढवणारी अर्ध्या एचपीची मोटर. तिची नुसती ताकद ३७३ वॅट, वीज ती साडेपाचशे-सहाशे वॅट खाते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट करंट एकदम ओढते. वरच्या टाकीत फ्लोट स्विच, त्यामुळे मोटर आपोआप सुरू व्हायची. लाइट गेलेली असताना टाकी रिकामी होत आली की इन्व्हर्टर झोपलाच म्हणायचा. घरचे म्हणायचे, कधी पडतो कधी नाही, काही नेमच नाही. नेम होता, तो टाकीतल्या पाण्याच्या पातळीत होता.

अर्धा-पाऊण तास छान चालतो, मग अचानक ओव्हरलोड

इथे संशयित एकच, फ्रिज. चालू असताना साधा फ्रिज शंभर-दीडशे वॅट घेतो म्हणून लोकांना तो निरुपद्रवी वाटतो. पण जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर सुरू होतो त्या क्षणी त्याची ओढ कित्येक पट असते. पंखे, ट्यूब, टीव्ही मिळून पाचशे वॅट आधीच चालू असतील तर तो एक झटका पुरतो. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ वितळवणारा हीटरही असतो. तो दिवसातून मोजक्याच वेळा लागतो, पण लागला की दीडशे-दोनशे वॅट वर चढतात. वायरमन येतो तेव्हा तो बंद असतो आणि सगळं ठीक दिसतं, हा त्यातला खरा वैताग.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचे फ्रिज हळू सुरू होतात, त्यांचा झटका कमी असतो. तरीही दोन-तीन तासांच्या खंडासाठी फ्रिज बॅकअपवर घ्यावा असं मला वाटत नाही. दार उघडलं नाही तर तेवढ्यात काही नासत नाही. ज्यांच्या घरी इन्सुलिनसारखं औषध फ्रिजमध्ये असतं त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी फ्रिज धरूनच मशीन मोठं घ्यावं.

दहा-वीस मिनिटांत लो बॅटरी

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून इथे जरा थांबू.

लो बॅटरीचा दिवा लागला याचा अर्थ बॅटरी रिकामी झाली असा नाही. इन्व्हर्टरला बॅटरीत किती वीज उरली हे दिसत नाही, त्याला फक्त स्वतःच्या टर्मिनलवरचा व्होल्टेज दिसतो. तो साडेदहा व्होल्टच्या आसपास आला की मशीन बंद. आता हा व्होल्टेज बॅटरी उतरल्यामुळे पडला की वाटेत कुठेतरी सांडला, हे मशीनला कळत नाही. तुम्ही मात्र दोनेकशे-चारशे रुपयांच्या मल्टिमीटरने शोधू शकता.

घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमधलं उदाहरण. दीडशे एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) ट्युब्युलर बॅटरी, तीन महिन्यांची, आणि पंधरा मिनिटांत बंद. मेन पाडून तीन पंखे, चार ट्यूब आणि टीव्ही लावला, चारशेच्या आसपास वॅट झाले. बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर लावला तर ११.९ व्होल्ट. तिथून उठून पॅसेजमध्ये इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर लावला तर १०.९. एक अख्खा व्होल्ट मध्येच गायब.

"काकू, आधी हे दोन्ही एकाच जागी होतं का?"

"हो ना, पॅसेजमध्येच होतं. मग तिथे शू-रॅक केलं, तेव्हा बॅटरी तेवढी मागच्या ड्राय बाल्कनीत नेली. त्या फर्निचरवाल्यानेच माणूस आणला होता."

त्या माणसाने पाचेक मीटर केबल वाढवली होती, १० चौरस मिलिमीटरची. एरवी घरात ही वायर दांडगी वाटते. पण १२ व्होल्टवर चारशे वॅट म्हणजे, इन्व्हर्टर स्वतः खातो ते धरून, चाळीस अँपिअरच्या वर करंट. जाऊन-येऊन दहा मीटर तांबं, त्याचा रोध जेमतेम १८ मिलिओहम, आणि तरी चाळीस-त्रेचाळीस अँपिअरला पाऊण व्होल्ट त्यातच जातो. राहिलेला पाव व्होल्ट एका लगमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाला बसवायच्या धातूच्या तुकड्यात होता. नीट क्रिंप न करता पक्कडीने नुसता दाबलेला, आणि वीस मिनिटांत हात लावायला नको इतका तापलेला. बॅटरीत भरपूर वीज होती, ती मशीनपर्यंत पोचत नव्हती.

उपाय सोपा होता. इन्व्हर्टरच उचलून बाल्कनीत बॅटरीशेजारी भिंतीवर टांगला, पावसाची झड येणार नाही अशा कोपऱ्यात. मधली केबल एक मीटरची केली, नवे लग नीट क्रिंप केले आणि पॅसेजपर्यंत २३० व्होल्टची वायर ओढली. तेच चारशे वॅट २३० व्होल्टवर पावणेदोन-दोन अँपिअरच होतात, त्यामुळे तिथे लांबीने काही बिघडत नाही. लांब न्यायची असेल तर घराकडची वायर न्यावी, बॅटरीची कधीच नाही. हे फर्निचर करणाऱ्याला कुणी सांगत नाही आणि तो विचारत नाही.

हीच तपासणी तुम्हीही करा. लोड चालू ठेवून दोन्ही ठिकाणी व्होल्टेज मोजा. फरक तीन-चार दशांश व्होल्टच्या वर असेल तर बॅटरीला हात लावण्याआधी केबल, लग आणि टर्मिनल बघा. खाडीच्या बाजूला, ऐरोली-घणसोली-वाशीकडे, पावसाळ्यानंतर टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी हमखास दिसते. इन्व्हर्टर बंद करून, आधी निगेटिव्ह मग पॉझिटिव्ह या क्रमाने केबल काढायची, गरम पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने घासायचं (झाकणं घट्ट लावून, ते पाणी आत जाता कामा नये), कोरडं करून पेट्रोलियम जेली लावायची. हातातल्या बांगड्या, कडं, अंगठी आधी काढून ठेवा. दोन टर्मिनलमध्ये पाना आडवा पडला तर ठिणगी नाही, वितळलेलं लोखंड दिसेल.

दोन्ही ठिकाणी व्होल्टेज सारखाच आणि तरी भराभर उतरतोय, असं असेल तर मग बॅटरीतच काहीतरी आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात आणि त्यातला एक जरी कमजोर झाला तरी बाकीच्या पाचांचा उपयोग होत नाही. हायड्रोमीटरने सहाही सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता बघा. रात्रभर चार्ज झालेल्या ट्युब्युलर बॅटरीची साधारण १.२४० च्या आसपास येते. पाच सेल १.२३० ते १.२४० आणि एक १.१८० असेल तर चोर सापडला. आत्ताच पाणी घातलं असेल तर ही तपासणी करू नका. वरचं पाणी मिसळलेलं नसतं आणि सगळेच सेल मेल्यासारखे दिसतात. एक दिवस चार्ज होऊ द्या, मग मोजा. आणि डोळ्यांवर चष्मा हवा, ते ॲसिड आहे.

तास-दीड तास चालतो, पण दुकानदार तीन तास म्हणाला होता

इथे कुणी खोटं बोललेलं नाही, फक्त गणित अर्धं केलंय. दुकानातला हिशोब असा असतो: १५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १८०० वॅट-तास, त्यातले वीस टक्के इन्व्हर्टर खातो, उरले १४४०, भागिले तुमचा लोड. चार जुने पंखे पंचाहत्तर वॅटचे, पाच ट्यूब वीसच्या, टीव्ही ८०, राउटर १०, एकूण ४९०. भागाकार येतो जवळजवळ तीन तास.

पण खोक्यावरचे १५० एएच हे सी-ट्वेंटीला मोजलेले असतात. म्हणजे बॅटरी वीस तासांत सावकाश उतरवली, साडेसात अँपिअरने, तर १५० मिळतात. तुम्ही तिच्यातून पन्नास अँपिअर ओढताय. लेड-ॲसिड बॅटरीचा स्वभाव असा की जितक्या घाईने ओढाल तितकी ती कमी देते. पन्नास अँपिअरला तीच नवी बॅटरी पावणेदोन ते दोन तास चालते, आणि तीन वर्षांची असेल तर तासावर यायला वेळ लागत नाही. तीन तास कागदावरच राहतात.

हाच स्वभाव उलट्या बाजूने आपल्या कामाला येतो, आणि माझ्या मते अख्ख्या विषयातली सगळ्यात फायद्याची गोष्ट हीच आहे. वरच्या घरात चारही पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) केले, तीस वॅटचे, तर लोड ४९० वरून ३१० वर येतो. तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त बचत. बॅकअप मात्र तेवढाच वाढत नाही, तो पावणेदोन-दोन तासांवरून सव्वातीन-साडेतीन तासांवर जातो, कारण बॅटरीवरची घाई कमी झाली. दोन बॅटऱ्यांचा २४ व्होल्टचा सेट घ्यायला निघालेल्या घरांना मी आधी पंखे बदलायला सांगतो. पंखे रोजच्या बिलातही पैसे परत देतात, दुसरी बॅटरी फक्त पाणी मागते.

लोड मोजायचा कसा? प्रत्येक वस्तूवरचे वॅट वाचून बेरीज करता येते, पण जुन्या पंख्यांवर काहीच लिहिलेलं नसतं. त्यासाठी वीज मीटर वापरा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि बाजूला एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं, समजा ३२००. बॅटरी पूर्ण चार्ज असताना, इन्व्हर्टरच्या लाइनबाहेरचं सगळं बंद करून, नेहमीचे पंखे-दिवे चालू ठेवा आणि दोन लुकलुकींमधलं अंतर मोजा. ३२०० वाल्या मीटरला ११२५ भागिले सेकंद म्हणजे वॅट. सव्वादोन सेकंदांनी लुकलुकत असेल तर पाचशे वॅट. एकाच लुकलुकीवर विसंबू नका, वीस मोजून सरासरी काढा. मीटरवर आकडा वेगळा असेल तर ३६ लाखाला त्या आकड्याने भागा आणि आलेलं उत्तर ११२५ च्या जागी वापरा. सोसायटीत मीटर खाली मीटर रूममध्ये असतात, तेव्हा एकाने खाली उभं राहायचं आणि एकाने वर फोनवर. मुलांना हे काम फार आवडतं.

पहिल्यांदा व्यवस्थित, त्याच दिवशी दुसऱ्यांदा लाइट गेली की लगेच बसतो

बॅटरी नाही, चार्जिंग बघा. १५० एएचची बॅटरी बऱ्यापैकी उतरली तर बारा अँपिअरच्या चार्जरने ती भरायला दहा-बारा तास लागतात. सकाळी दोन तास गेली, दुपारी परत गेली, तर दुपारी तुमच्या हातात अर्धवट भरलेली बॅटरीच असणार. मेच्या शेवटी मॉन्सूनपूर्व देखभालीचे दिवस आणि पहिल्या पावसातले फॉल्ट एकत्र आले की अशा तक्रारी एकदम वाढतात.

बॅकअप वाढावा म्हणून लोक इन्व्हर्टर तोच ठेवून बॅटरी दीडशेची काढून सव्वादोनशेची टाकतात. चार्जर तेवढाच. लेड-ॲसिडला क्षमतेच्या दहा टक्क्यांच्या आसपास चार्जिंग करंट हवा, दीडशेला पंधरा, सव्वादोनशेला बावीस. दहा-बारा अँपिअरवर मोठी बॅटरी दिवस-दिवस भरतच राहते आणि बऱ्याचदा पूर्ण भरतच नाही. अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटवर सल्फेटचा थर बसतो, क्षमता कायमची घटते. मोठी बॅटरी लहान बॅटरीपेक्षा लवकर मेली असं सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात.

आणखी एक जागा फार थोडे बघतात. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे बॅटरीचा प्रकार निवडायचा छोटा स्विच असतो: फ्लॅट प्लेट, ट्युब्युलर, एसएमएफ (सीलबंद). बॅटरी बदलताना डिलिव्हरीवाला जुनी उचलतो, नवी ठेवतो, दोन नट आवळतो आणि जातो. स्विच जुन्याच बॅटरीचा राहतो. ट्युब्युलरला चार्ज होताना साधारण १४.४ व्होल्टपर्यंत जायला हवं. सेटिंग चुकीचं असेल तर ती तिथवर पोचतच नाही. उलट सीलबंद बॅटरी ट्युब्युलरच्या सेटिंगवर ठेवली तर ती जास्त तापते आणि फुगते. बॅकअपसाठी नवी बॅटरी घेतलीत आणि हा स्विच बघितला नसेल तर वाचणं थांबवून आधी तो बघून या.

बॅटरी खरंच भरली का हे इन्व्हर्टरच्या दिव्यावरून ठरवू नका. रात्रभर चार्ज करून सकाळी इन्व्हर्टरची इनपुट आणि आउटपुट दोन्ही बंद करा, तीन-चार तास बॅटरी तशीच राहू द्या आणि मग मोजा. साडेबारा व्होल्ट किंवा थोडं वर असेल तर ती भरलेली आहे, १२.२ ला निम्म्याच्या आसपास, बाराच्या खाली असेल तर जवळपास रिकामी.

लाइट असतानाच बीप

लाइनच्या टोकाकडच्या घरांत संध्याकाळी व्होल्टेज पडतो. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर असेल तर साधारण १८० व्होल्टच्या खाली तो मेन सोडून बॅटरीवर जातो. घरात सगळं चालू असतं, कुणाच्या लक्षात येत नाही, आणि दोन तासांनी खरोखर लाइट जाते तेव्हा बॅटरी आधीच उतरलेली असते. मोड बदलून नॉर्मल किंवा वाइड करा, मग तो बराच कमी व्होल्टेजही चालवून घेतो. त्यात एकच तोटा, बदलीला थोडा जास्त वेळ लागतो आणि डेस्कटॉप संगणक रीस्टार्ट होऊ शकतो. लॅपटॉपला फरक पडत नाही. व्होल्टेज रोजच पडत असेल तर वीज कंपनीकडे लेखी तक्रार करा, इन्व्हर्टरने तो प्रश्न सुटायचा नाही.

काही टॉवरांत सोसायटीचा जनरेटर घरटी मर्यादित वीज देतो. जनरेटर सुरू झाला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट आली, आणि तो घरातल्या लोडवर स्वतःच्या चार्जिंगचे अडीचशे-तीनशे वॅट चढवतो. मर्यादा ओलांडली की लिमिटर ट्रिप, परत बॅटरी, परत जनरेटर, अशी ये-जा चालू राहते. अशा घरात जनरेटरच्या वेळी इन्व्हर्टरची इनपुट बंद ठेवणं हाच शहाणपणाचा मार्ग.

उरलेसुरले

पंख्यांची घरघर इन्व्हर्टरवर वाढते आणि लाइट आली की थांबते? मशीन स्क्वेअर वेव्हचं आहे. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. पुढचं घ्याल तेव्हा साइन वेव्हचं घ्या.

लाइट जाताच किंवा येताच आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा सुरक्षा स्विच) पडतो, असं असेल तर इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलमध्ये मिसळलाय. ते चांगल्या वायरमनकडून वेगळं करून घ्या. आरसीसीबी काढून टाकणारा वायरमन भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

राउटर चालू आहे पण इंटरनेट गेलं, ही तक्रार खारघर-सीवूड्सकडच्या घरून काम करणाऱ्यांकडून फार येते. तुमच्या घरातला राउटर ठीक असतो, इमारतीच्या डक्टमधल्या केबलवाल्याच्या स्विचला बॅकअप नसतो. त्याला गाठा. फक्त राउटरसाठी मोठा इन्व्हर्टर घेऊ नका, १२ व्होल्टचा मिनी यूपीएस पुरतो.

पाणी डिस्टिल्डच घाला, दर तीन-चार महिन्यांनी पातळी बघून, खुणेच्या वर नाही. आरओच्या पाण्यात क्षार राहतातच, आणि एसीतून गळणारं पाणी कॉइलवरची धूळ आणि धातू घेऊन येतं. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून ती बंद कपाटात कोंडू नका. आणि ट्रॉलीवर समई तर मुळीच नको, मी ती पाहिली आहे.

१२ व्होल्टच्या इन्व्हर्टरला जुन्या बॅटरीशेजारी नवी जोडून बॅकअप दुप्पट होत नाही. जुनी नवीला आपल्या पातळीवर ओढते. २४ व्होल्टच्या सेटमध्येही दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी, एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या बदलायच्या. एक बदलून पैसे वाचत नाहीत.

लिथियमचं विचारणारे वाढलेत. १०० एएचचा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅक, १२.८ व्होल्टचा, १२८० वॅट-तास धरतो आणि त्यातले बरेचसे वापरता येतात. जास्त करंटला तो लेड-ॲसिडसारखा कच खात नाही. पण जुन्या इन्व्हर्टरला तो तसाच जोडू नका. चार्जरला लिथियमचं सेटिंग हवं, आणि पॅकच्या आतल्या बीएमएसची (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटची) करंटमर्यादा तुमच्या मोटर-फ्रिजच्या झटक्यापेक्षा वर हवी, नाहीतर इन्व्हर्टरऐवजी बॅटरीच ट्रिप होईल. जुन्या इन्व्हर्टरच्या बॅटरी-दांड्यांवरही विश्वास ठेवू नका; लिथियमचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतो, दांड्या पूर्ण दिसतात आणि एकदम अंधार.

एवढं सगळं तपासून बॅटरीच दोषी निघाली तर बदला, त्यात वाईट वाटायचं कारण नाही. रोज वापरातली ट्युब्युलर चार-सहा वर्षं टिकली तरी तिने काम केलं. जुनी बॅटरी देताना किंमत कमी करून घ्या आणि ती भंगारवाल्याला न देता विक्रेत्यालाच द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. वॉरंटी ३६+२४ अशी लिहिलेली असते, त्यातले पहिले महिने मोफत बदलीचे आणि पुढचे फक्त सवलतीचे. बिलावर सिरियल नंबर आणि तारीख असल्याशिवाय डिलिव्हरीवाल्याला सोडू नका, आणि तो जायच्या आत मागचा स्विच त्याच्याकडूनच बदलून घ्या.